गाडी मिसिंग मारते तेव्हा

चिंचणी-बोईसर पट्ट्यात राहणाऱ्या कामगाराला मोटारसायकल ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. तारापूर एमआयडीसीत पहिल्या पाळीला हजर राहायचे तर रिक्षा भरण्याची वाट पाहत नाक्यावर उभे राहून भागत नाही. आमचे काम कारकुनाचे. पण हजेरीचे यंत्र कारकुनालाही सवलत देत नाही. म्हणून २०११ साली आम्ही शंभर सीसीची एक वापरलेली गाडी घेतली. तिच्यावर मुले शाळेत गेली, म्हातारी आई दवाखान्यात गेली, आणि रविवारी समाजाच्या कामासाठी पालघरपर्यंतच्या आमच्या फेऱ्याही तिनेच केल्या.

२०२४ च्या पावसाळ्यात या गाडीला एक खोड लागली. चालता चालता मध्येच दोन-तीन ठोके गाळायची, एक झटका द्यायची आणि पुन्हा शहाण्यासारखी चालू लागायची. गॅरेजच्या भाषेत याला मिसिंग मारणे म्हणतात. गॅरेजमध्ये नेली की मात्र एकदम ठणठणीत! डॉक्टरच्या दारात पोचताच पोराचा ताप उतरावा तसे.

मिस्त्री ओळखीचा, मनाचा चांगला. त्याने आधी प्लग बदलला. आठवड्याने कार्बोरेटर खोलून साफ केला. मग म्हणाला, सीडीआय गेला असेल. तोही बदलला. मुलांच्या आईच्या हिशेबाच्या वहीत गाडीच्या नावे २,१५० रुपये पडले आणि खोड जिथल्या तिथेच राहिली. दुखणे म्हशीला आणि औषध पखालीला, असा हा प्रकार झाला. पैशाचे दुःख एकवेळ सोसले असते. पण एके सकाळी मागून टँकर येत असताना वळणावरच गाडीने झटका दिला. मागे मुलांची आई बसलेली होती. त्या दिवशी आम्ही ठरवले, आता अंदाजाने एकही भाग बदलायचा नाही.

आम्ही शिकलो बी.कॉम. मेकॅनिकी आम्हाला येत नाही. पण जमाखर्चाची तेरीज जुळत नसेल तर काय करायचे ते येते. सगळी वही नव्याने लिहीत बसायचे नसते. फरक कोणत्या महिन्यात आहे ते पाहायचे, मग कोणत्या खात्यात, मग कोणत्या नोंदीत. निम्मे बाजूला काढायचे, उरलेल्याचे पुन्हा निम्मे. दहा पैशांच्या फरकासाठी आम्ही रात्र रात्र जागलो आहोत. तीच रीत गाडीला लावून पाहायची ठरली.

इंजिन चालायला मुख्यतः तीन गोष्टी लागतात. पेट्रोल आणि हवेचे योग्य मिश्रण, ते दाबून धरण्याची ताकद, आणि वेळेवर पडणारी ठिणगी. दाब गेलेला असेल तर तो सहसा सतत गेलेला असतो. घटकेत आहे, घटकेत नाही, असे तो क्वचितच करतो. तेव्हा अधूनमधूनच्या दुखण्यात संशयित उरतात दोन, पेट्रोल आणि ठिणगी. ठिणगीचे काम किती बारकाईचे आहे पाहा. इंजिन मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल तर चार-स्ट्रोक गाडीत दर दोन फेऱ्यांना एकदा जळण होते, म्हणजे सेकंदाला तेहतीस वेळा. त्यातल्या दोन-तीन चुकल्या तरी बसणाऱ्याला झटका कळतो.

आम्ही खिशात एक छोटी वही ठेवली. झटका बसला की पुढच्या थांब्यावर नोंद करायची: इंजिन गार की तापलेले, पाऊस की कोरडे, टाकीत पेट्रोल किती, वेग किती, रस्ता कसा. पंधरा दिवस हा उद्योग चालला. नाक्यावरची मंडळी हसली.

या नोंदींतून बरेच काही उमगते. फक्त पावसात खोड येत असेल तर प्लगची कॅप आणि कॉईलपासून प्लगपर्यंत येणारी जाड तार पाहावी. तिच्यातून हजारो व्होल्टचा दाब जातो. बारीक चीर असली तरी ओलाव्यात ठिणगी तिथूनच इंजिनाच्या अंगावर उडी मारते. अंधारात इंजिन चालू ठेवून लांबूनच पाहिले तर निळसर चमक दिसते. हात मात्र लावू नये. इंजिन तापल्यावरच खोड येत असेल आणि अर्धा तास थांबल्यावर जात असेल तर कॉईलवर संशय घ्यावा. आतली बारीक तार तापून फुगली की जोड सुटतो, गार झाली की पुन्हा बसतो. खड्ड्यातच झटका बसत असेल तर एखादे कनेक्शन सैल आहे. आपल्याकडे समुद्राची खारी हवा आहे. तांब्याच्या टोकांवर हिरवट थर चढतो, अर्थचा नट गंजतो. चिंचणीत ज्याची गाडी रात्रभर उघड्यावर उभी असते, त्याने हे नट आणि जोड वर्षातून एकदा तरी खरडून घ्यावेत.

पेट्रोलचेही एक सांगितले पाहिजे. आता पंपावर वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी ओढून घेते, आणि पाणी जास्त झाले की ते इथेनॉलसह वेगळे होऊन तळाशी बसते. कार्बोरेटरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्यावे. तळाशी वेगळा थर दिसला तर चोर सापडला. हे काम इंजिन गार असताना, विडी-काडी दूर ठेवून करावे.

आमच्या वहीत पावसाळी सकाळच्या नोंदी जास्त होत्या, म्हणून आम्ही कॅपच्या मागे लागलो. तेवढ्यात चार कोरड्या दिवसांच्या नोंदी आल्या आणि आमचा तर्क कोसळला. त्या संध्याकाळी मुलांच्या आईने वही वाचली आणि म्हणाल्या, "अहो, यात वळण कुठे लिहिलंय? गाडी डावीकडे वळली की अडखळते. मी मागे बसते, मला कळतं."

आमच्या वहीत सगळे रकाने होते, हँडलचा नव्हता!

लगेच गाडी स्टँडवर लावली, गिअर न्यूट्रल, इंजिन चालू. हँडल उजवीकडे, काही नाही. डावीकडे अगदी टोकापर्यंत नेले आणि इंजिन भडभडले. पंधरा दिवसांत जे दुखणे गॅरेजच्या दारात एकदाही दिसले नव्हते, ते आता हवे तेव्हा दाखवता येत होते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीला तेच करून दाखवले. तो क्षणभर गप्प राहिला, मग त्याचे डोके झरझर चालले. आमच्यासारख्या जुन्या गाडीत चावी बंद केली की एक तार अर्थला मिळते आणि ठिणगी थांबते. त्याने सीडीआयजवळ ती तार सोडवली. आता हँडल कसेही फिरवा, इंजिन एकसारखे चालू. म्हणजे निम्मी वही बाजूला पडली. दोष सोडवलेल्या तारेपासून चावीपर्यंतच्या तुकड्यात. (अशी तार सोडवली की चावीने इंजिन बंद होत नाही. ब्रेक दाबून, गिअर टाकून क्लच सोडावा लागतो, हे आधीच ध्यानात असावे.) हेडलाइट उतरवला. हँडलच्या मानेपाशी घासून घासून तारेवरचे आवरण गेले होते. डावीकडे वळले की उघडे तांबे फ्रेमला टेकायचे आणि गाडीला वाटायचे, मालकाने चावी बंद केली. ओलाव्यात तर टेकण्याचीही गरज उरत नसावी.

तारेवर नवी नळी चढवली, ती थोडी सैल सोडून बांधली. साठ रुपये झाले. काढलेला सीडीआय चांगलाच होता. तो आम्ही घरी ठेवला आहे.

१ एप्रिल २०२० पासून बीएस सहाच्या गाड्या आल्या. त्यांत बहुधा कार्बोरेटर नाही, इंजेक्शन आहे, आणि दोष आला की अनेक गाड्यांत मीटरवरचा दिवा लुकलुकतो. तो किती वेळा लुकलुकला हे मोजून ठेवावे, त्यावरून दोषाचा नंबर कळतो. पण घासलेली तार सैल असली तर तो दिवाही दरवेळी लागेलच असे नाही. वही इथेही उपयोगी पडते.

गेल्या महिन्यात आमच्या आळीतील एक कंत्राटी कामगार मुलगा आला. रात्रपाळीला जाताना त्याची गाडी ठराविक अंतरावर बंद पडे, दहा मिनिटांनी चाले. नवे कॉईल घ्यायला तो निघालाच होता. आम्ही म्हटले, आधी पंधरा दिवस लिही. तिसऱ्याच रात्री त्याने बंद पडलेल्या गाडीच्या टाकीचे झाकण उघडले, हवा आत शिरल्याचा सुस्कारा ऐकू आला आणि गाडी लगेच चालू झाली. झाकणातले हवेचे बारीक भोक धुळीने बुजले होते, त्यामुळे पेट्रोल खाली उतरत नव्हते. त्याने ते टाचणीने मोकळे केले. कॉईलचे पैसे त्याने बहिणीच्या कॉलेजच्या फीत घातले.