विश्लेषण : शर्यतीचा बैल लाखमोलाचा, मग गोठ्यातल्या गोऱ्ह्याचे काय?

मांस खावे की नाही, यावर समाजमाध्यमांत रोज वाद रंगतो. जुन्नर आणि आंबेगावच्या गोठ्यांत मात्र प्रश्न वेगळा आहे. जे जनावर ना दूध देते, ना नांगर ओढते, ना घाटात पळते, त्याने जगायचे कसे? आणि त्याच्या हालांना जबाबदार कोण : खाणारा, पिणारा, पाळणारा की कायदा करणारा?

चैत्रातल्या यात्रा सुरू झाल्या की जुन्नर, आंबेगाव, खेड आणि शिरूर तालुक्यांत बैलगाड्यांचे घाट गर्दीने फुलतात. चार बैल, पुढे धावणारी घोडी, उधळलेला भंडारा आणि सेकंदांत मोजली जाणारी बारी. चांगल्या खिलार बैलाची किंमत लाखांत जाते. त्याच्या खुराकात दूध असते, अंडी असतात. त्याच गावात, कधी कधी त्याच वस्तीवर, संकरित गाईला झालेला गोऱ्हा दाव्याला बांधलेला असतो. त्याच्या वाट्याला किती दूध सोडायचे, याचा हिशेब रोज सकाळी होतो. दोघेही गोवंशच. पण एकाच्या वेदनेवर देशाच्या सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षे सुनावणी झाली. दुसऱ्याची नोंदसुद्धा कुठे होत नाही.

शर्यतीच्या बैलाला कायद्याने काय दिले?

केंद्र सरकारने जुलै २०११ मध्ये अधिसूचना काढून बैलाचा समावेश खेळ-प्रदर्शनासाठी बंदी असलेल्या प्राण्यांत केला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ए. नागराजा खटल्यात तमिळनाडूतील जल्लीकट्टू आणि महाराष्ट्रातील बैलगाडा शर्यती या दोन्हींवर बंदी आणली. या निकालात न्यायालयाने जनावरांच्या ‘पाच स्वातंत्र्यां’चा आधार घेतला. भूक-तहान, गैरसोय, वेदना व आजार, भीती व ताण यांपासून मुक्तता आणि नैसर्गिक वर्तन करण्याची मोकळीक, अशी ही पाच स्वातंत्र्ये.

महाराष्ट्राने २०१७ मध्ये प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती करून शर्यतींचा मार्ग खुला केला. मात्र मुंबई उच्च न्यायालयाने त्याला अटकाव केला. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींसह परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने राज्याची दुरुस्ती वैध ठरवली. आता शर्यतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. काठी, चाबूक किंवा विजेचा धक्का देणारी बॅटरी वापरता येत नाही. अटी मोडल्यास पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे.

मग गोऱ्ह्याच्या उपासमारीला दंड किती?

१९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे कलम ११ वाचले तर जनावराला पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे हा गुन्हा आहे. विनाकारण ते वाऱ्यावर सोडून देणे हाही गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड किमान १० रुपये आणि जास्तीत जास्त ५० रुपये. तीन वर्षांत पुन्हा गुन्हा केला तर २५ ते १०० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. हे आकडे कित्येक दशकांपूर्वीचे आहेत. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्राने दंड वाढवणाऱ्या दुरुस्तीचा मसुदा जाहीर केला होता.

आता गोठ्यातला हिशेब पाहू. समजा, गोऱ्ह्याला दिवसाला ३ लिटर दूध पाजले आणि दुधाचा दर लिटरला ३० रुपये धरला, तर रोजचे ९० रुपये आणि दोन महिन्यांचे ५ हजार ४०० रुपये होतात. यात चारा, औषधे आणि मजुरी धरलेली नाही. म्हणजे त्याला उपाशी ठेवल्याच्या पहिल्या गुन्ह्याचा कमाल दंड हा त्याच्या एका दिवसाच्या दुधापेक्षाही कमी आहे. उद्या दंड वाढवला तरी पाच-सहा गाई पाळणाऱ्या शेतकऱ्याचे हे गणित सुटत नाही, हेही तितकेच खरे.

नर जनावर नकोसे का झाले?

कारणे दोन आहेत. नांगरट, पेरणी, मळणी ट्रॅक्टरवर गेली. गाय गाभण ठेवण्यासाठी वळूची जागा कृत्रिम रेतनाने घेतली. त्यात संकरित गाईच्या गोऱ्ह्याला वशिंड नसते आणि ऊन सोसत नाही, म्हणून तो औताला चालत नाही.

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेत हे स्पष्ट दिसते. देशातील एकूण गोवंश १९ कोटी २४ लाखांच्या पुढे होता, म्हणजे २०१२ च्या तुलनेत जेमतेम ०.८ टक्के जास्त. पण त्यात गाई-कालवडींची संख्या १८ टक्क्यांनी वाढून सुमारे १४ कोटी ५१ लाख झाली आणि नरांची सुमारे ३० टक्क्यांनी घटून पावणेपाच कोटींच्या आसपास आली. निसर्गात नर आणि मादी जवळपास समान जन्मतात. अशी तफावत सात वर्षांत पडते, तेव्हा नर जनावरे मोठी होण्याआधीच कुठे तरी कमी होत आहेत, असाच अर्थ निघतो.

२०१५ च्या कायद्याने काय बदलले?

महाराष्ट्रात १९७६ च्या प्राणी रक्षण कायद्याने गाय आणि तिच्या वासरांच्या कत्तलीवर आधीच बंदी होती. बैल आणि वळू प्रमाणपत्र घेऊन कापता येत. मार्च २०१५ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीने त्यांच्यावरही पूर्ण बंदी आली. कत्तल केल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कत्तलीसाठी विक्री किंवा वाहतूक करणेही गुन्हा आहे.

६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. एस. सी. गुप्ते यांच्या खंडपीठाने ही बंदी कायम ठेवली. मात्र राज्याबाहेर कापलेल्या जनावराचे मांस जवळ बाळगणे गुन्हा ठरवणारे कलम त्यांनी रद्द केले. नागरिकाच्या घरात आणि ताटात सरकारने किती डोकवावे, हा मुद्दा त्यात होता.

शेतकऱ्याच्या दृष्टीने परिणाम सरळ होता. थकलेल्या बैलाला बाजारात काही तरी किंमत मिळे आणि त्यातून नव्या जनावराचे पैसे उभे राहत. ती सोय गेली. बेल्ह्याच्या सोमवारच्या बाजारात शर्यतीच्या खोंडाला गिऱ्हाईक आहे, औताच्या जोडीलाही थोडेफार आहे. संकरित गोऱ्ह्याला कोण घेणार? कत्तल थांबली म्हणजे हाल थांबले, असे होत नाही. एका दिवसाच्या मरणाऐवजी काही आठवड्यांची उपासमारही त्याच्या वाट्याला येऊ शकते.

३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य सरकारने देशी गाईला ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित केले आणि गोशाळांतील देशी गाईंसाठी प्रतिदिन ५० रुपये अनुदान जाहीर केले. यात ‘देशी’ हा शब्द महत्त्वाचा आहे. आपल्या पिशवीबंद दुधाचा मोठा भाग संकरित गाईंचा असतो आणि त्यांचे गोऱ्हे या योजनेत बसत नाहीत.

रेड्याचा प्रश्न वेगळा कसा?

जुन्नर तालुक्यातील आळे येथे संत ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, त्या रेड्याची समाधी आहे, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. कायद्यात मात्र रेडा गोवंशात येत नाही. म्हशींवर आणि पारड्यांवर संपूर्ण कत्तलबंदी नाही, तेथे प्रमाणपत्राची अट आहे. त्यामुळे म्हशीचे पारडू विकले जाऊ शकते, गाईचा गोऱ्हा नाही.

दुखापत झाली की दोघेही सारखेच विव्हळतात. मग संरक्षणात फरक कशाचा? उत्तर श्रद्धेत आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद ४८ मध्ये आहे. या अनुच्छेदात गाई-वासरे आणि दुभत्या व औताच्या जनावरांची कत्तल थांबवण्याचा निर्देश आहे. जनावराला होणारा त्रास हा तेथे निकष नाही. तो निकष अनुच्छेद ५१-क मधील सर्व प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धीच्या कर्तव्यात सापडतो. आपले कायदे या दोन वेगळ्या पायांवर उभे आहेत आणि गोंधळ तेथूनच सुरू होतो.

शिवाय कायद्याने मोकळा असलेला व्यवहारही भीतीने बंद पडू शकतो. वाहने अडवून होणाऱ्या मारहाणीच्या निषेधार्थ २०२५ च्या पावसाळ्यात राज्यातील कुरेशी समाजाच्या व्यापाऱ्यांनी जनावरांची खरेदी थांबवली. त्याचा फटका म्हशी विकू पाहणाऱ्या शेतकऱ्यांनाही बसला.

सर्वांत मोठी संख्या कोणाची?

या सगळ्या वादात जिची आठवणही निघत नाही, ती कोंबडी. ब्रॉयलर साधारण ३५ ते ४२ दिवसांत दोन किलोंच्या पुढे जाते आणि कापली जाते. तिची वाढ इतकी वेगवान असते की पायांवर आणि हृदयावर ताण येतो. अंड्यांच्या कोंबड्यांना पिंजऱ्यात अनेकदा ए-४ आकाराच्या कागदाएवढीही जागा मिळत नाही. अंडी न देणारी नर पिल्ले हॅचरीतच मारली जातात. गोऱ्ह्याचीच ही गोष्ट, फक्त लहान आकारात आणि प्रचंड संख्येत.

युरोपीय महासंघाने असे पिंजरे २०१२ पासून बंद केले. जर्मनीने २०२२ पासून नर पिल्ले मारण्यावर बंदी घातली. भारतात विधी आयोगाने जुलै २०१७ मधील २६९ व्या अहवालात कोंबड्यांच्या देखभालीसाठी नियम करण्याची शिफारस केली होती. कत्तलखान्यांसाठीच्या २००१ च्या नियमांनुसार एका जनावराची कत्तल दुसऱ्याच्या देखत करता येत नाही. रस्त्याकडेच्या चिकन सेंटरवर रांगेत उभे राहिले, की हा नियम किती दूर आहे ते दिसते.

मग मांस खाणे चूक की बरोबर?

या प्रश्नावर साधारण तीन भूमिका आहेत.

पहिली : जो जीव वेदना अनुभवतो, त्याला चवीसाठी मारणे चूक. तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांनी १९७५ मधील ‘अ‍ॅनिमल लिबरेशन’ या पुस्तकात हा युक्तिवाद केला. आपल्याकडे जैन विचारात आणि वारकरी परंपरेत अहिंसेचा आग्रह त्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

दुसरी : खाणे चूक नाही, हाल करणे चूक. मोकळे फिरलेले, कमी त्रासात मारलेले जनावर खाण्यात अन्याय नाही. आंबेगाव-जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातील आदिवासी घरांमागे चरणारी गावठी कोंबडी आणि शेडमधील ब्रॉयलर यांना एका मापाने मोजता येणार नाही, असे ही भूमिका सांगते.

तिसरी : ताटावरचे नियम सर्वांवर सारखे पडत नाहीत. मोठ्याचे मांस हे अनेक दलित आणि मुस्लीम कुटुंबांसाठी स्वस्त प्रथिन होते. ज्यांच्याकडे पनीर आणि डाळीचे पर्याय आहेत, त्यांनी इतरांना नीती शिकवू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार देशातील १५ ते ४९ वयोगटातील ८३.४ टक्के पुरुष आणि ७०.६ टक्के स्त्रिया कधी ना कधी मांसाहार करतात. म्हणजे हा मूठभरांचा विषय नाही.

या तिन्ही भूमिकांत एक गोष्ट सुटते. दूध पिणारा शाकाहारी या साखळीबाहेर नाही. गाय दूध देते ती वासरू झाल्यामुळेच आणि त्यातले निम्मे नर असतात. चहाच्या कपातले दूध स्वस्त राहते, कारण गोऱ्ह्याचा खर्च त्या दरात धरलेलाच नाही. तो शेतकरी सोसतो किंवा गोऱ्हा सोसतो.

यावर उपाय काय?

लिंगवर्गीकृत रेतमात्रा हा तांत्रिक उपाय आहे. त्यातून कालवड जन्मण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या आसपास असते आणि राष्ट्रीय गोकुळ मिशनमधून त्याचा प्रसार सुरू आहे. नको असलेला गोऱ्हा जन्मालाच आला नाही, तर त्याचे हालही नाहीत. पण साध्या रेतमात्रेपेक्षा ती महाग पडते आणि उरलेल्या १० टक्क्यांचा प्रश्न राहतोच.

दुसरा उपाय पैशांचा. अनुदान जातीवर न देता निरुपयोगी ठरलेल्या प्रत्येक जनावरासाठी देता येईल किंवा दुधाच्या दरात नर वासराच्या संगोपनाचा छोटा वाटा धरता येईल. त्यासाठी ग्राहकाला लिटरमागे काही पैसे जास्त मोजावे लागतील. तिसरा उपाय कायद्याचा. शर्यतीच्या बैलासाठी पाच लाख आणि भुकेल्या गोऱ्ह्यासाठी ५० रुपये, ही तफावत कमी करता येईल. मात्र नुसता दंड वाढवला आणि संगोपनाचा खर्च शेतकऱ्यावरच ठेवला, तर गोऱ्हे रात्री रस्त्यावर सोडले जातील. या भागात मोकाट जनावर म्हणजे बिबट्याला सोपी शिकार, हे जुन्नर वन विभागातल्या कोणत्याही गावाला सांगावे लागत नाही.

एकविसाव्या पशुगणनेची मोहीम ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्या आकड्यांत गाईंपुढच्या स्तंभात बैल-गोऱ्ह्यांची संख्या किती आहे, ते जरूर पाहावे. ते कमी जन्मले की कमी जगले, हे मात्र त्या तक्त्यात लिहिलेले नसेल.