विजेवरची मोटार (लेखांक ७) : चार्जिंगमध्ये तापणारी बॅटरी

लिथियम-आयन बॅटरीत वीज भरताना उष्णता तयार होतेच. सेलच्या अंतर्गत रोधामुळे ती होते आणि विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते : प्रवाह दुप्पट, तर उष्णता चौपट. ३० किलोवॅट-अवर क्षमतेची बॅटरी घरच्या ७.२ किलोवॅटच्या चार्जरवर चार-साडेचार तासांत भरते. तीच ५० किलोवॅटच्या डीसी चार्जरला लावली की प्रवाह सुमारे सातपट होतो आणि दर सेकंदाला निर्माण होणारी उष्णता जवळजवळ पन्नासपट. चार्जिंग लवकर आटोपते हे खरे, पण एकूण उष्णता तरीही कितीतरी अधिक राहते आणि तिला बाहेर पडायला सवड कमी मिळते.

सेलला साधारण १५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान मानवते. छत्रपती संभाजीनगरात मे महिन्याच्या दुपारी हवाच चाळिशी गाठते. अशा हवेवर विसंबून बॅटरी थंड ठेवता येत नाही, हे अमेरिकेतील ॲरिझोनात दिसून आले. तेथील काही निस्सान लीफ मोटारींची बॅटरी-क्षमता अपेक्षेपेक्षा लवकर घटल्याच्या तक्रारी २०१२ मध्ये पुढे आल्या. त्या मोटारींत बॅटरी थंड करणारी द्रवप्रणाली नव्हती. टाटा नेक्सॉन ईव्हीसारख्या मोटारींत सेलजवळून शीतक द्रव फिरवला जातो आणि गरज पडल्यास तो वातानुकूलन यंत्रणेच्या मदतीने गार केला जातो. चार्जिंगला लावलेल्या, बंद मोटारीतून पंख्याचा किंवा कॉम्प्रेसरचा आवाज येतो तो त्यामुळेच. त्याला बिघाड समजण्याचे कारण नाही.

चार्जिंगचा वेग मध्येच उतरतो, त्याबद्दलही चालक चार्जरला दोष देतात. वास्तविक प्रत्येक पॅकमध्ये तापमान मोजणारे संवेदक असतात. मर्यादा जवळ आली की बॅटरी-व्यवस्थापन प्रणाली, म्हणजे बीएमएस, प्रवाह कमी करते आणि गरज पडली तर चार्जिंग थांबवते. नागपूरहून समृद्धी महामार्गाने भर उन्हात ताशी १२० किलोमीटरने आलेली मोटार सावंगीला उतरून छत्रपती संभाजीनगरात पोहोचते, तेव्हा तिची बॅटरी आधीच तापलेली असते. लगेच डीसी चार्जरला लावल्यास ती ५० किलोवॅट घेईलच असे नाही. अर्धा तास सावलीत थांबणे, शेवटचे काही किलोमीटर वेग कमी ठेवणे आणि ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवणे हे उपाय साधे आहेत, पण लागू पडतात. शक्य असेल तिथे चार्जिंग रात्री किंवा पहाटे करावे. मराठवाड्यातील धुळीने रेडिएटरची जाळी बुजते, म्हणून सर्व्हिसिंगच्या वेळी ती आणि शीतकाची पातळी तपासून घ्यावी.

घरच्या चार्जिंगमध्ये मात्र चिंतेची जागा वेगळी आहे. २०२२ मध्ये ‘औरंगाबाद मिशन फॉर ग्रीन मोबिलिटी’ या उपक्रमातून शहरातील ग्राहकांनी एकत्र येऊन ई-कार घेतल्या. उस्मानपुऱ्यासारख्या जुन्या वसाहतींत अशी मोटार येते तेव्हा तिला वीज पुरवणारी वायरिंग बहुधा पंखे, दिवे आणि एखादा गीझर एवढ्याच हिशेबाने केलेली असते. मोटारीसोबत मिळणारा ३.३ किलोवॅटचा चार्जर सुमारे १४-१५ अँपिअर प्रवाह घेतो, तोही सलग आठ-नऊ तास. गीझर काही मिनिटांत बंद होतो, मोटार रात्रभर वीज ओढत राहते. इतक्या हळू भरणारी बॅटरी जेमतेम कोमट होते. तापतो तो भिंतीवरचा बोर्ड. पिन सैल असेल किंवा आतला स्क्रू ढिला असेल तर प्लॅस्टिक वितळू लागते, आणि तिथे बीएमएससारखा पहारेकरी नसतो. म्हणून मीटरपासून स्वतंत्र लाइन, पुरेशा जाडीची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी, गळती ओळखणारा आरसीसीबी आणि पक्के अर्थिंग यांवर खर्च करायलाच हवा. एक्स्टेंशन बोर्ड कधीही वापरू नये. चार्जिंग सुरू केल्यावर अर्ध्या तासाने बोर्डाला बाहेरून हात लावून पाहावा. तो चटका देण्याइतका तापला असेल किंवा जळका वास येत असेल, तर आधी एमसीबी पाडावी, मग इलेक्ट्रिशियनला बोलवावे.

खरा धोका उष्मीय अनियंत्रणाचा. खराब झालेल्या सेलमधील रासायनिक क्रिया स्वतःच उष्णता निर्माण करू लागतात, सेलच्या दोन विद्युतअग्रांमधला पडदा साधारण १३० अंशांना वितळू लागतो आणि आग शेजारच्या सेलकडे सरकते. लोह-फॉस्फेट रसायनाचे सेल या बाबतीत निकेलयुक्त सेलपेक्षा अधिक सोशिक असतात. जून २०२२ मध्ये वसईत एका नेक्सॉन ईव्हीने पेट घेतला. एप्रिल २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात कपड्यांच्या दुकानाला लागलेल्या आगीत वरच्या मजल्यावरील एकाच कुटुंबातील सात जण गेले. चार्जिंगला लावलेल्या दुचाकीपासून आग सुरू झाली असावी, अशी शक्यता तेव्हा बोलली गेली. कारण काहीही असो, जिन्याखाली किंवा दाराच्या वाटेवर वाहन चार्ज करू नये.

दरम्यान नियमही कडक झाले. मोटारींसाठी एआयएस-०३८ आणि दुचाकींसाठी एआयएस-१५६ या मानकांतील वाढीव सुरक्षा-अटी १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाल्या. एका सेलमधील बिघाड पसरला तर काय होते, याची चाचणी त्यांत आहे.

पॅकमधून पांढरा धूर, फुसफुस किंवा तीव्र वास आला तर झाकण उघडण्याच्या फंदात पडू नये. सहज हाताशी असेल तर वीज मुख्य स्विचने बंद करावी, सर्वांना दूर न्यावे, १०१ किंवा ११२ वर कळवावे आणि वाहन विजेवरचे आहे हे आवर्जून सांगावे. तो धूर विषारी असतो. ही आग शमवायला भरपूर पाणी लागते, आणि विझल्यावरही काही तासांनी ती पुन्हा पेटू शकते. म्हणून असे वाहन इमारतीपासून आणि इतर गाड्यांपासून लांब, उघड्यावर ठेवतात.