वाट्याला अर्धा तास

भाचीच्या प्रवेश अर्जावर दोन विषय एकाखाली एक होते. मेजर रसायनशास्त्र, मायनर मराठी लेखन आणि वक्तृत्व. नवं शैक्षणिक धोरण 2020 सालचं. राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत ते 2024-25 पासून आलं आणि मुख्य विषयाला दुसऱ्या शाखेतला असा जोडीदार घेता येऊ लागला. "सोपा म्हणून घेतला, मामा," ती म्हणाली. लिहिणं आणि सोपं? मी तीस वर्षं त्यावरच पोट भरतोय. म्हणून सातारा जिल्ह्यातल्या तिच्या कॉलेजात परवानगी काढून मागच्या बाकावर जाऊन बसलो.

कँटीन खालीच, त्यामुळे वर्गाला भज्यांचा वास. हजेरी झाली. मॅडमनी फळ्यावर ॲरिस्टॉटलचं नाव लिहिलं आणि खाली तीन गोष्टी: बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याची भावना, मुद्द्याचा तर्क. मग 1897 साली, पुण्यातल्या प्लेगच्या काळात, टिळकांनी 'केसरी'त लिहिलेल्या अग्रलेखाचा मथळा: 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' यात तिन्हींपैकी काय आहे? "भावना!" पोरं ओरडली. "तर्कपण," मागून एक जण म्हणाला, "उत्तर वाचणाऱ्याच्याच तोंडून काढलंय." माझी फेरी इथंच वसूल झाली, असं मला वाटलं. पण खरं काम पुढं होतं.

घरून अर्ज लिहून आणायला सांगितला होता. एक मुलगी उठली. वाडीच्या रस्त्यावर दिवा नाही, म्हणून ग्रामपंचायतीला अर्ज. "महोदय, वरील विषयास अनुसरून आपणांस विनंती करण्यात येते की..." वाक्य संपायच्या आधी तिचा श्वास संपला.

"दम लागला तिथं पेन्सिलीनं रेघ मार," मॅडम म्हणाल्या. पानभर अर्जात पाच रेघा पडल्या.

"आता सांग, विनंती करण्यात येते. कोण करतंय गं?"

"मी."

"मग तू कुठं आहेस यात?"

मुलगी कागदाकडे बघत राहिली. वरून खाली, पुन्हा वरून. ते बघणं माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही. हे 'करण्यात येते' आपल्याला कुणी शिकवत नाही. नोटिसा, परिपत्रकं वाचून ते अंगात मुरतं. त्यात करणारा लपतो. साहेबाला ते सोयीचं असतं, पण ज्याला दिवा हवाय त्यानं कशाला लपायचं?

पुढचा अर्ज एका मुलानं मोबाइलकडून लिहून घेतला होता. एकही रेघ पडली नाही. "तुझ्या गावाचं नाव आलं का रे यात?" नव्हतं आलं. वर्ग हसला, तोही हसला.

तास संपल्यावर मॅडमना म्हटलं, असं एकेकाचं बघायला वेळ पुरतो? त्यांनी बोटांवर मोजून दाखवलं. "एका क्रेडिटला पंधरा तास. आमचा पेपर दोन क्रेडिटचा, म्हणजे तीस तास. वर्गात साठ पोरं. लिहायला शिकवायचं तर एकेकाचा कागद घेऊनच बसावं लागतं. करा हिशेब." केला. सबंध सत्रात एकेकाला अर्धा तास. त्यातून हजेरी, व्याख्यान, अंतर्गत परीक्षा अजून वजा व्हायच्या आहेत. अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत मात्र प्रभावी लेखन, प्रभावी संभाषण, प्रभावी सादरीकरण अशी उद्दिष्टं छापलेली. तीस तासांत तीनदा प्रभावी.

बाहेर पडताना ती मुलगी जिन्यातच पायरीवर बसून अर्ज नव्यानं लिहीत होती. मला वाचून दाखवला. "आम्ही सात मुली संध्याकाळी शिकवणीहून येताना मोबाइलच्या उजेडात ओढा ओलांडतो. खांब आहे, तार आहे, फक्त दिवा नाही. तो पावसाळ्याआधी बसवावा." यावेळी दम लागला नाही.

वर्गात तिच्या अर्जावर वीस मिनिटं गेली होती. हिशेबानं तिच्या वाट्याची या सत्रातली दहा उरली आहेत.