घरचा कोठावळा आणि आज्ञेची ओळ

ज्या घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात, त्या घरच्या माळ्यावर कॅसेटींचा एखादा तरी पत्र्याचा डबा हटकून सांपडतो. त्यांत कोणाच्या मुंजींतील मंगलाष्टकें असतात, कोणा आजोबांचें कीर्तन असतें, एखाद्या आत्याबाईंच्या मंगळागौरीचीं गाणीं असतात. फिलिप्स कंपनीनें ही कॅसेट १९६३ सालीं प्रथम लोकांपुढें आणली; तेव्हां तिच्या फितीवरील चुंबकीय लेप किती वर्षें टिकेल, याचा विचार गिऱ्हाइकानें केला नाहीं. आमच्या चंद्रपुरास वैशाखांत पारा ४५ अंशांच्या पुढें सहज जातो. अशा उन्हाळ्यांत माळ्यावर वर्षानुवर्षें पडलेली फीत कुरकुरूं लागते, अडकते, आणि एक दिवस तुटते. फीत गेली कीं तिच्यावरचें माणूस दुसऱ्यांदा जातें.

हे आवाज एका संगणकावर उतरवून घ्यावे, आणि त्या संगणकानें ते घरांतील प्रत्येकाच्या फोनवर वा टीव्हीवर मागतील तेव्हां पुरवावे, अशी व्यवस्था आतां सामान्य गृहस्थासही स्वतः करतां येते. जाणते त्यास मीडिया सर्व्हर म्हणतात. आमच्या घरीं त्याचें नांव 'कोठावळा' पडलें आहे, कारण कोठींतलें सामान मागेल त्यास काढून देणें एवढेंच त्याचें काम. त्यासाठीं नवें यंत्र आणण्याचें कारण नाहीं. अडगळींत पडलेला एखादा लॅपटॉप उत्तम. त्याची बॅटरी थोडी जिवंत असली, तर वीज गेल्यावर तीच त्यास कांहीं वेळ सांभाळते. २९२० मेगावॉटचें औष्णिक वीजकेंद्र उशाशीं असूनही वादळांत आमच्याकडील दिवे जातातच! यंत्र २० वॅट वीज घेतें असें धरल्यास तें अहोरात्र चालवूनही महिन्यास पंधरा युनिटांहून अधिक होत नाहींत.

यंत्रावर लिनक्स घालावें. डेबियन या नांवाची त्याची मांडणी १९९३ पासून स्वयंसेवक चालवीत आले आहेत आणि ती विनामूल्य मिळते. तिच्यावर जेलीफिन नांवाचा कार्यक्रम बसवावा. एम्बी नांवाच्या अशाच एका कार्यक्रमाच्या चालकांनीं आपली मूळ संहिता झांकून ठेवण्याचें ठरविलें, तेव्हां २०१८ च्या डिसेंबरांत कांहीं मंडळी वेगळी निघाली आणि त्यांनीं जेलीफिन उभें केलें. त्यास वर्गणी नाहीं, आणि घरांतल्या घरांत ध्वनि वा चित्र पुरविण्यास त्याला इंटरनेटही लागत नाहीं. घरचा राउटर चालू असला म्हणजे झालें. अरण्यप्रदेशांतील वाचकांस ही दुसरी गोष्ट किती मोलाची आहे हें सांगावयास नको.

हें सर्व आम्ही आज्ञेच्या ओळीवरून, म्हणजे कमांड लाइनवरून चालवितों. कोठावळ्याचा पडदा मिटलेलाच असतो. दुसऱ्या खोलींतून एसएसएच या साधनानें त्याच्याशीं संधान बांधावें आणि आज्ञा लिहून द्यावी. चित्रांवर बोट ठेवून काम करणाऱ्या आमच्या नातवंडांस हा प्रकार मागासलेला वाटतो. ज्यानें लहानपणीं अष्टाध्यायीचीं सूत्रें घोकलीं आहेत त्यास मात्र तो ओळखीचा वाटेल. येथेंही अल्पाक्षरत्व हाच गुण. 'एलएस' म्हटलें कीं कपाटांतील यादी पुढें येते, 'सीपी' म्हटलें कीं नक्कल होते. पाणिनीच्या सूत्रांत मागील सूत्रांतलें पद पुढील सूत्रांत चालत येतें, त्यास आपण अनुवृत्ति म्हणतों. १९७३ मध्यें युनिक्सवाल्यांनीं 'पाइप' काढला, त्यानें एका आज्ञेचें फळ दुसऱ्या आज्ञेच्या ओंजळींत आपोआप पडतें. साम्य एवढेंच आहे, यापुढें तें ताणूं नये. व्यवहारांतला मोठा लाभ निराळा आहे: चाललेली आज्ञा वहींत जशीच्या तशी उतरवून ठेवतां येते, आणि पुढील वर्षीं तीच पुन्हां देतां येते. चित्रांवर कोठें कोठें बोट ठेवलें होतें तें वहींत कसें लिहिणार? धोकाही सांगितला पाहिजे. 'आरएम' ही पुसण्याची आज्ञा सहसा 'खरेंच पुसूं का?' असें विचारीत नाहीं, आणि पुसलेलें परत मिळण्यास टोपलीही ठेवीत नाहीं.

कॅसेट उतरविण्यास घाई चालत नाहीं. तासाची फीत तासभरच वाजते. सेकंदास ४४,१०० नमुने या मापानें एका तासाचा ध्वनि सुमारें ६३५ मेगाबाइट होतो. फ्लॅक या रीतीनें तो साधारण निम्म्यांत बसतो व एकही स्वर गळत नाहीं. चलच्चित्रांची गोष्ट वेगळी. टीव्हीस न समजणाऱ्या रूपांत तीं असलीं, तर जेलीफिन तीं ऐन वेळीं रूपांतरित करूं लागतें, आणि जुनें यंत्र तव्यासारखें तापतें. म्हणून एफएफएमपेग या साधनानें तीं आधींच सर्वमान्य रूपांत आणून ठेवावीं, व तेंही रात्रीं. रात्रीची वेळ ठरविण्यास 'क्रॉन' आहे. त्यास मिनिट, तास, तारीख, महिना आणि वार अशीं पांच अंगें सांगावीं लागतात. आमच्या घरीं त्यास यंत्राचें पंचांग म्हणतात.

नांवें ठेवतांना मराठी माणसास विशेष जपावें लागतें. युनिकोडच्या यूटीएफ-८ या रीतींत प्रत्येक देवनागरी चिन्हास तीन बाइट लागतात. 'कीर्तन' या शब्दांत वेलांटी व हलन्त धरून सहा चिन्हें, म्हणजे अठरा बाइट; आणि लिनक्सच्या नेहमींच्या मांडणींत एका नांवास २५५ बाइटांची मर्यादा आहे. एकूण ८५ चिन्हांत आटपावें, लांब समास घालूं नयेत! 'संगीत' आणि 'सङ्गीत' आपणांस एकच. यंत्रास ते दोन निरनिराळे शब्द, व एक शोधतांना दुसरा सांपडत नाहीं. घरानें एकच लेखनपद्धति ठरवून ती वहीच्या पहिल्या पानावर लिहावी. चित्रपटांच्या नांवापुढें सालही घालावें. 'श्यामची आई' १९५३ चा आहे आणि २०२३ चाही आहे. साल नसल्यास जेलीफिन कोणताही गळ्यांत बांधील.

ध्वनि एकदां उतरला म्हणजे काम संपलें, अशी पुष्कळांची समजूत असते. डिस्कवरील अक्षर न अक्षर जसेंच्या तसें आहे याची खात्री कोण देणार? वैदिकांनीं हा प्रश्न फार पूर्वीं सोडविला. जटेंत दोन पदें सुलट, उलट, पुन्हां सुलट म्हणावयाचीं. घनांत तीन पदांची तशीच वीण. एक पद चुकलें तर वीण बसत नाहीं, आणि शेजारचा वैदिक तत्काळ मान वर करतो. कात्यायनाच्या सर्वानुक्रमणींत तर सूक्तागणिक ऋचांची संख्याच नोंदलेली आहे. संगणकावर हें काम 'शा-२५६' करतें. कोणत्याही फाइलीपासून तें ६४ अंकाक्षरांची खूण काढतें. मूळांत एक बिंदु बदलला कीं खूण पार पालटते. या खुणांची यादी आम्ही निराळी ठेवतों आणि दर पौर्णिमेस क्रॉनकडून पडताळून घेतों. चूक कळते, पण ती दुरुस्त करण्यास शुद्ध प्रत दुसरीकडे असावी लागते. म्हणून तीन प्रती, व त्यांतील एक घराबाहेर, हा नेम मोडूं नये.

आमच्याकडे झाडीपट्टीच्या नाटकांच्याही फिती घरोघर आहेत. दिवाळीनंतर वडशाच्या मंडळ्या गांवोगांव रात्र रात्र रंगवितात. त्याच रंगभूमीवरील परशुराम खुणे यांस २०२३ मध्यें पद्मश्री मिळाली. या फिती जतन कराव्या. परंतु नाटक त्या त्या मंडळीचें आहे, तें घराबाहेर वाटण्याचा अधिकार आपला नव्हे.

या अधिकाराचा प्रश्न आमच्या स्वतःच्या घरांतही निघाला. थोरल्या बंधूंच्या कीर्तनाच्या एका कॅसेटीच्या मागल्या बाजूस थोरल्या वहिनींच्या जात्यावरच्या ओव्या निघाल्या, १९८४ च्या. त्यांत सासर आहे, गेलेलें मूल आहे, आणि बंधूंविषयीं असें कांहीं आहे कीं जें त्यांनीं बहुधा कधीं ऐकलें नसावें. पुण्याच्या पुतण्याचें म्हणणें, हा ठेवा जगापुढें गेला पाहिजे, अभ्यासकांस उपयोगी पडेल. त्याचें म्हणणें अगदींच चुकीचें नव्हतें. वहिनींस विचारलें. त्या म्हणाल्या, "भाऊजी, तें मी भिंतीआड म्हटलें होतें. भिंतीआडच राहूं द्या. घरच्या मुलींनीं ऐकावें, एवढेंच." निर्णय त्यांचा, कारण आवाज त्यांचा.

लिनक्समध्यें प्रत्येक फाइलीस मालक, गट आणि इतर अशा तीन पायऱ्या असतात, व प्रत्येकीस वाचण्याचा, लिहिण्याचा, चालविण्याचा अधिकार वेगळा देतां येतो. ओव्यांवर लिहिण्याचा अधिकार आम्ही कोणासच ठेविला नाहीं. जेलीफिनमध्यें तें दालन घरच्या मुलीसुनांच्या खात्यांसच दिसतें; खुद्द आमच्या खात्यासही दिसत नाहीं. कोठावळ्यास बाहेरच्या जाळ्यावरून येण्याची वाट मुळींच उघडलेली नाहीं.

आतां राहिली भामरागडची पुतणी. ती तेथें शिक्षिका आहे, आणि पर्लकोटेचें पाणी पुलावर चढून भामरागडचा मार्ग बंद झाल्याचें कित्येक पावसाळ्यांत आपण वाचलें आहे. घराबाहेरची तिसरी प्रत तिच्याकडेच ठेवण्याचें ठरलें आहे. आरसिंक या साधनानें जेवढा फरक असेल तेवढाच नकलला जातो, त्यामुळें तिची डिस्क उन्हाळ्याच्या सुट्टींत येथें आली कीं घटकाभरांत अद्ययावत् होते. सोबत खुणांची यादी छापून द्यावयाची आहे, आणि वहिनींच्या सांगण्यावरून डिस्क ठेवण्यास जुन्या लुगड्याची पिशवीही शिवून झाली आहे. शाळा पावसाळ्याच्या तोंडाशीं उघडतात. त्यापूर्वीं ती आलापल्लीच्या पुढें गेली पाहिजे.