बोटीतून उतरण्यापूर्वी

लग्नाला चाळीस वर्षे झाली म्हणून मुलाने आम्हा दोघांना इटली-ग्रीसच्या बोटसफरीवर पाठवले. आठ दिवस मी ना पोळी लाटली, ना दुधावर नजर ठेवली! पण या सुखाच्या सफरीत धडे मिळाले, ते बोटीवर नव्हे, बोटीतून उतरताना. तेच आज मैत्रिणींना सांगते.

ग्रीसच्या सांतोरिनी बेटावर मोठ्या बोटी धक्क्याला लागत नाहीत. त्या दूर पाण्यात उभ्या राहतात आणि लहान लाँच आपल्याला कड्याच्या पायथ्याशी नेतात. वरच्या फिरा गावाला जायला तीन वाटा : रोप-वे, गाढवे, नाहीतर ५८८ पायऱ्या. आम्ही ऐटीत रोप-वेने गेलो. पांढरीशुभ्र घरे आणि खाली निळे पाणी पाहता पाहता भान हरपले.

"शेवटची लाँच साडेचारला आहे बरं," हे म्हणाले.

"अहो, आत्ता कुठे तीन वाजताहेत!" मी मनगट पुढे केले.

तेवढ्यात दुकानातल्या घड्याळाकडे लक्ष गेले. चार! ग्रीसचे घड्याळ इटलीच्या एक तास पुढे. रात्री केबिनमध्ये तशी सूचना आली होती. त्याच कागदात मी बेसनाचे लाडू गुंडाळले होते. मोबाईल रोमिंगच्या धास्तीने बंद. पासपोर्ट आणि ह्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या, दोन्ही बोटीवर!

रोप-वेला ही लांब रांग. शेवटी ह्यांचा दुखरा गुडघा आणि माझी साडी सांभाळत, गाढवांची लीद चुकवत, गुळगुळीत पायऱ्या उतरलो. शेवटची लाँच मिळाली. हे एक शब्द बोलले नाहीत, आणि तेच मला अधिक लागले.

म्हणून सांगते, उतरण्यापूर्वी घड्याळ बोटीच्या वेळेला लावा आणि शेवटची वेळ कागदावर लिहून घ्या. परतीसाठी एक तास हाताशी ठेवा. बोटीनेच नेलेल्या सहलीला उशीर झाला तर बोट सहसा थांबते. स्वतंत्र फिरणाऱ्यांसाठी थांबत नाही. बोटीचे कार्ड, पासपोर्टची प्रत, दिवसभराची औषधे, थोडे युरो आणि बंदरावरील एजंटचा फोन नंबर पर्समध्ये हवाच. फळे किंवा खाऊ किनाऱ्यावर नेण्याआधी विचारा; पुष्कळ बंदरांत मनाई असते. मधे तुर्कस्तानचे बंदर असेल तर शेंगेन व्हिसा अनेक प्रवेशांचा लागतो. हे घरीच पाहून घ्यावे.

शेवटच्या रात्रीचे तंत्र निराळे. मोठ्या बॅगांना रंगीत चिठ्ठ्या बांधून त्या दाराबाहेर ठेवायच्या; सकाळी त्या धक्क्यावरच भेटतात. यावेळी गोळ्या मी आठवणीने हातपिशवीत ठेवल्या, पण ह्यांचे बूट मात्र बॅगेत गेले! चिविताव्हेक्कियाच्या बंदरात हे सपाता घालून उतरले. तेव्हा सकाळचे कपडे आणि पादत्राणे आधी बाजूला काढा, मग बॅग भरा. खर्चाचा हिशेबही रात्रीच तपासा. सकाळी त्या खिडकीपुढे गर्दी उसळते. तिथून रोम सुमारे ८० किलोमीटर. म्हणून परतीचे विमान दुपारनंतरचेच घ्यावे.

घरी आल्यावर मुलाने विचारले, "आई, काय आवडलं?"

माझ्याआधी हेच म्हणाले, "तुझ्या आईबरोबर उतरलेल्या पायऱ्या."