पंधरा दिवस म्हणजे किती दिवस?

बाजारातील भांडणांत फसवणुकीची थोडी, शब्दांची जास्त. गिऱ्हाईक म्हणते, "पंधरा दिवसांत द्या." कारागीर "हो" म्हणतो. गिऱ्हाईक शब्दाला शब्द धरणारे असेल तर सोळाव्या दिवशी सकाळी दुकानात उभे राहते. कारागिराच्या मनात मात्र पंधरा दिवस म्हणजे दोन-अडीच आठवडे. (आठवड्याला आपण "आठ दिवस" म्हणतो, मग दोन आठवड्यांचे सोळा न होता पंधरा कसे होतात, हे कोणी विचारीत नाही.)

यात खोटे कोणीच बोललेले नसते. पण गिऱ्हाईक समजते, हा लबाड आहे. कारागीर समजतो, हा कटकट्या आहे. बयाणा परत मागितला जातो. कापड, अस्तर, जर आधीच विकत आणलेली असते. कारागिराचा हंगाम त्यात जातो आणि गिऱ्हाईक तुटते ते वेगळेच.

आपल्या व्यापारी बांधवांपुढे ही अडचण थोडी अधिक आहे. अनेकांच्या घरात उर्दू किंवा दखनी, दुकानात मराठी. "कल" हा शब्द कालसाठीही चालतो आणि उद्यासाठीही. मराठीत ते दोन शब्द वेगळे आहेत, पण "परवा" मागेही जातो आणि पुढेही. "जुमे की रात" म्हणजे आपल्या हिशोबाने गुरुवारची रात्र, कारण आपला दिवस मगरिबपासून सुरू होतो. बाहेरगावचा हिंदू व्यापारी ती शुक्रवारची रात्र समजून ट्रक पाठवील तर दोष कोणाचा?

मापांची गोष्ट याहून महाग पडते. वाळू-खडीच्या धंद्यात एक ब्रास म्हणजे 100 घनफूट. तोच शब्द गिलावा किंवा फरशीच्या कामात 100 चौरस फुटांसाठी वापरतात. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा, आज अनेकजण 10 ग्रॅमलाच तोळा म्हणतात. दहा तोळ्यांच्या बोलीत सोळा ग्रॅमहून अधिक सोन्याचा फरक पडतो, आणि तो पडूनही दोघे प्रामाणिक असू शकतात.

काटेकोर बोलणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये. 1864 साली लंडनच्या न्यायालयात मुंबईच्या कापसाचा एक खटला गाजला. सौदा 125 गाठी सुरती कापसाचा होता, माल मुंबईहून "पिअरलेस" जहाजाने यायचा. जहाजाचे नाव करारात स्पष्ट होते. पण त्या नावाची दोन जहाजे मुंबईहून निघाली, एक ऑक्टोबरात, दुसरे डिसेंबरात. खरेदीदाराच्या मनात पहिले, विकणाऱ्याच्या मनात दुसरे. डिसेंबरच्या जहाजाचा माल खरेदीदाराने नाकारला आणि निकाल त्याच्याच बाजूने लागला.

आपला 1872 चा करार कायदाही हेच पाहतो. कलम 13 प्रमाणे दोघांची संमती एकाच गोष्टीला, एकाच अर्थाने हवी. कलम 29 खाली उदाहरण आहे: कोणी "शंभर टन तेल" विकण्याचे कबूल केले, पण कोणते तेल हे कळण्यास मार्ग नाही, तर करार रद्दबातल. मात्र तो माणूस फक्त खोबरेल तेलाचाच व्यापारी असेल, तर करार खोबरेल तेलाचा धरला जातो. म्हणजे सैल बोलणे कायद्याला अगदीच अमान्य नाही. पण अर्थ कुठून तरी निश्चित व्हावा लागतो.

आता "इन्शाअल्लाह"बद्दल. सूरह कहफमध्ये (आयत 23-24) उद्याच्या कामाविषयी बोलताना अल्लाहची इच्छा जोडण्याची ताकीद आहे. ती काम करण्याचा इरादा पक्का असणाऱ्यासाठी आहे. "नाही" म्हणणे जड जाते म्हणून "इन्शाअल्लाह, बघू" म्हणणारे आपल्यात थोडे नाहीत. बिगरमुस्लिम गिऱ्हाइकाने त्यावरून या शब्दाचा काय अर्थ घ्यावा?

मदीनेत लोक खजुराचे पैसे दोन-दोन, तीन-तीन वर्षे आधी देत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी तो व्यवहार बंद केला नाही; माप, वजन आणि मुदत ठरलेली असावी एवढी अट घातली. कुरआनची सर्वांत लांब आयत, सूरह बकराची 282 वी, उधारीच्या लिखापढीविषयीच आहे. रक्कम लहान असो वा मोठी, मुदतीसह लिहिण्यास कंटाळू नका असे तीत सांगितले आहे. हातोहातच्या सौद्याला सवलत आहे. तीत आणखी एक बारकावा आहे, ज्याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. मजकूर कोणी सांगायचा? ज्याच्यावर देणे आहे, त्याने.

दुकानात हे सहज करता येते. बयाणा घेतला की माल देण्याचे देणे कारागिरावर आले. तेव्हा पावतीवरचा मजकूर त्याने स्वतःच्या तोंडाने वाचून दाखवावा आणि गिऱ्हाइकाने ऐकून सही करावी. "पंधरा दिवस" न लिहिता वार आणि तारीख लिहावी. ब्रासपुढे घनफूट की चौरस फूट, तोळ्यापुढे ग्रॅम लिहावेत. रमजानच्या कामावर "ईदपर्यंत" लिहू नये, कारण चाँद 29 ला दिसेल की 30 ला, हे आधी कोणाच्याच हाती नसते. "28 व्या रोज्याच्या असरपर्यंत" असे लिहावे.