मुलांचा कोठा आणि वडीलमाणसांचे कर्तव्य

ज्या विषयाचा उच्चार चारचौघांत करणे शिष्टसंमत नाही, त्याच विषयावर आज आम्ही लिहीत आहोत. परंतु वडीलमाणसांच्या संकोचापायी घरातील लहान मूल दुःख भोगीत असता मौन धरणे आम्हांस शिष्टपणाचे वाटत नाही.

आमच्या सात वर्षांच्या नातवाचीच गोष्ट घ्या. नगरास आमचे अकरा माणसांचे एकत्र कुटुंब. सकाळच्या घाईत शौचकूपाच्या दाराशी कोणीतरी 'आटप, आटप' करीत उभे असावयाचेच. शाळेत जाऊ लागल्यापासून हा मुलगा चार-चार दिवस परसाकडे जाईनासा झाला. पुढे त्याची चड्डी वारंवार खराब होऊ लागली. आजीने एरंडेल पाजले, काकाने दटावले आणि एके दिवशी आम्ही स्वतः त्याच्या पाठीत धपाटा घातला. पोर रडले नाही. "आजोबा, मला कळतच नाही हो," एवढेच म्हणाले. आम्हांस तो बहाणा वाटला. पुढे बालरोगतज्ज्ञांनी तपासून सांगितले, की मुलाचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

एकदा मळ कठीण झाला, की शौचाच्या वेळी वेदना होतात. त्या भयाने मूल वेग आवरते. आवरलेल्या मळातील पाणी मोठे आतडे शोषून घेते व तो अधिकच कठीण होतो. मलाशय ताणले जाऊन त्याची जाणीव मंदावते आणि साचलेल्या गोळ्याच्या कडेने पातळ मळ नकळत पाझरतो. यात हट्ट नाही व आळसही नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सातवा अध्याय वेगधारणाच्या निषेधाचाच आहे. तो आम्ही वाचलेला होता. आणि तरीही वर्गात बोट वर करणाऱ्या मुलांस 'तास संपल्यावर जा' असे सांगून आम्ही वर्षानुवर्षे बसवून ठेवीत आलो!

या व्याधीत भौतिकोपचाराचा, म्हणजे फिजिओथेरपीचा, उपयोग होतो हे ऐकून आम्हांस प्रथम नवल वाटले. कारण तो शब्द ऐकताच गुडघे, कंबर व पक्षाघात हेच डोळ्यांपुढे येतात. परंतु शौच ही क्रियाही स्नायूंचीच आहे. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंचा एक पडदा असून त्यातील एक स्नायू गुदाशयाला झोळीसारखा वेढून पुढे ओढून धरतो. शौचाच्या वेळी तो सैल पडावा लागतो. वेदनेला भ्यालेले मूल जोर करते, पण हा स्नायू मात्र आवळूनच धरते. म्हणजे एका हाताने दार लोटावयाचे व दुसऱ्या हाताने कडी घट्ट धरावयाची, असा प्रकार होतो.

तज्ज्ञ मुलाला ही कडी सोडावयास शिकवितात. पोट फुगवून सावकाश श्वास घेणे, फुंकर घालून साबणाचे फुगे उडविणे, स्नायू क्षणभर आवळून पुन्हा सैल सोडणे, असे त्यांचे पाठ असतात. पोटाला हलके मर्दनही करतात : उजवीकडे खालून वर, मग आडवे, मग डावीकडून खाली.

तथापि व्यायाम हा औषधाच्या जागी नव्हे, हे ध्यानात ठेवावे. साचलेला मळ प्रथम वैद्याच्या सल्ल्याने औषध देऊन मोकळा करावा लागतो आणि पुढेही औषध काही महिने चालते; बरे वाटताच बंद केल्यास दुखणे उलटते. नेदरलंडमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५ ते १६ वर्षांची ५३ मुले होती. केवळ नेहमीच्या उपचाराने शेकडा ६३ मुलांस गुण आला, तर ओटीपोटाच्या व्यायामांची जोड मिळालेल्यांपैकी शेकडा ९२ जणांस. उलट २०२० साली तेथेच कुटुंबवैद्यांकडे येणाऱ्या १३४ मुलांवर झालेल्या अभ्यासात अशा जोडीचा विशेष लाभ दिसला नाही. तेव्हा दुखणे साधे असल्यास औषध व सवय पुरावी. चिवट असल्यास भौतिकोपचाराची वाट धरावी. आमच्या जिल्ह्यात लोणी येथे व नगरजवळ विळद घाटात भौतिकोपचाराची महाविद्यालये आहेत. मुलांच्या या दुखण्याचा अनुभव असलेले कोणी तेथे आहे काय, याची चौकशी करावी.

घरी करावयाचे ते अल्प, पण नेमाचे आहे. जेवणानंतर आतड्यांची हालचाल वाढते. म्हणून सकाळच्या न्याहारीनंतर व रात्रीच्या जेवणानंतर पाच-दहा मिनिटे मुलास निवांत बसवावे. उकिडवे बसणे उत्तम. कमोड असल्यास लोंबकळणाऱ्या पायांखाली पाट अथवा चौरंग द्यावा, म्हणजे गुडघे कमरेहून उंच राहतात. भाकरी, पालेभाजी, फळे व पुरेसे पाणी द्यावे. देखरेख घरातील एकानेच करावी, वहीत नोंद ठेवावी आणि पाहुण्यांपुढे विषय काढू नये.

जन्मानंतर ४८ तासांत पहिला मळ न पडल्याचा इतिहास, हिरवी वांती, फुगलेले पोट, खुंटलेली वाढ, मळातून रक्त, पायांत अशक्तपणा, यांपैकी काहीही आढळल्यास व्यायामाच्या नादी न लागता तत्काळ डॉक्टर गाठावा.

आमच्या नातवास पूर्ववत होण्यास आठ महिने लागले. आता सकाळी दाराशी कोणी 'आटप' म्हणत नाही. तसा घरात नियमच केला आहे. त्या धपाट्याबद्दल आम्ही त्याची क्षमा मागितली, तेव्हा तो ओशाळून हसला व खेळावयास पळाला. वर्गातील त्या मुलांची क्षमा मागण्याचे मात्र राहूनच गेले. आज जे शिक्षक आहेत, त्यांनी आमची चूक करू नये. मुलाने बोट वर करताच त्यास जाऊ द्यावे.